डोंगर हवाच कशाला?

चाळिशीत पुन्हा माउंटन बाईक घेणाऱ्या वसई-विरारकराला लोक हमखास विचारतात, 'पण डोंगर कुठाय?' तुंगारेश्वर आहे की! मात्र ते २००३ पासून अभयारण्य. तिथल्या पायवाटेवर सायकल घालण्याआधी वनखात्याला विचारायला हवं. २००९ साली झालेल्या महापालिकेच्या हद्दीत असं कुणाला विचारावं लागत नाही. सोय सोसायटीच्या फाटकापासून सुरू होते. जुलैत पेव्हर ब्लॉक उखडलेले, मध्येच गटाराचं झाकण चार बोटं वर, पुढे खड्ड्यात गढूळ पाणी, म्हणजे खोली गुलदस्त्यात. पुढच्या सस्पेन्शनची याहून कडक परीक्षा घाटातही व्हायची नाही.

जाणकार म्हणतात, डांबरी रस्त्यावर जाड टायर जड जातात, साधी सायकल घ्या. तत्त्वतः मान्य, फक्त आधी डांबर दाखवा. दुसरा आक्षेप गुडघ्यांचा. पण हलक्या गिअरात भरभर पेडल मारलं, तर गुडघ्यावर ताण कमीच येतो. शिवाय डिस्क ब्रेक भिजले तरी बऱ्यापैकी धरतात. रिमवर घासणाऱ्या जुन्या ब्रेकचा पावसात भरवसा नसे. इतक्या वर्षांनी परतलेल्याला खरी भीती उलट्या दिशेने येणाऱ्या रिक्षाची. तिच्यापुढे ब्रेक कुठलेही असोत, आधी हँडल वळवावं लागतं, आणि वळवायचं तर शेजारी खड्डा असतोच.