जबड्यात जबडा

डहाणूवरच्या माझ्या प्रबंधातलं ‘संबंधित साहित्याचा आढावा’ हे प्रकरण मी एका रविवारात उरकलं आणि सोमवारी गरज नसताना चष्मा लावून कॉलेजात गेलो. सत्तेचाळिसाव्या वर्षी एम.ए. करणाऱ्याला वर्गातली पोरं ‘काका’ म्हणतात; आता तरी ‘सर’ म्हणतील, ही आशा. बावीस संदर्भ, बावीस परिच्छेद. गोदावरी परुळेकर म्हणतात, यशोधरा दालमिया नोंदवतात, अमुक अधोरेखित करतात. ‘म्हणतात’ला मी नऊ प्रतिशब्द शोधले होते. माझ्या मुलीच्या वयाच्या मॅडमनी पानं चाळली. “काका, ही हजेरी झाली. आढावा कुठंय? विषयवार मांडा.”

घरी आलो तर आई बोंबील वाळत घालत होती. इथं जरा थांबतो, कारण आढाव्यातलं मला फारसं कळत नाही, बोंबलातलं बरंच कळतं. ओला बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच. एकटा दोरीवर टाकला की सुळकन वाळूत. म्हणून दोन घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीच्या दोन्ही अंगांना लोंबती सोडायची. दात बारीक, पण धरले की सोडत नाहीत. मधून वारा खेळतो, कडक उन्हात दोन-तीन दिवसांत काडी होते. आईचे हात हे न बघता करतात. तोंड माझ्या लग्नातल्या मानपानावर चालू असतं. बोंबलावर मी अजून दोन पानं लिहीन, तळताना लावायच्या पिठीवर वेगळी, पण मॅडम वाचत असतील.

तर माझे बावीसही लेखक असे एकेकटे वाळूत पडले होते. मी दोऱ्या बांधल्या. एक जमिनीची, तिच्यावर परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. एक वारली चित्रांची, तिच्यावर दालमियांचं १९८८ चं पुस्तक. तिसरी किनाऱ्याची. १९९१ च्या अधिसूचनेनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. इथल्याच पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं वाढवण बंदराला १९९८ साली नाही म्हटलं, २०२३ साली हो. वेगवेगळ्या परिच्छेदांत हे दोन्ही कागद शहाणे दिसत होते. जबड्यात जबडा घालून टांगले, आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी आईनं विचारलं, “यात आपलं काय लिवलंयस?”

शोधलं. शेवटच्या पानावर सापडलो. मथळा होता ‘इतर घटक’. कुणा परक्या पंडितानं दिलेला नव्हे. मीच दिला होता, ठळक अक्षरात, खाली रेघ मारून.

तो खोडला. चौथी दोरी बांधली: डोलजाळं आणि त्यात सापडणारे बोंबील. तिच्यावर टाकायला मला आतापर्यंत एकच छापील लेख मिळालाय, आणि एकटा टिकत नाही हे वर सांगितलंच. आमच्या धाकट्या डहाणूच्या मासेमारीवर कुणी काही लिहिलेलं तुमच्या वाचनात असेल तर कळवा. पावसाच्या आत.