काडाचं सोवळं : नवशिक्यांसाठी घरगुती पाश्चरीकरण

ज्यांनी धिंगरी अळिंबी घरी पिकवायचं ठरवलं आहे, तिचं बियाणं मागवून फ्रिजमध्ये दह्याशेजारी ठेवलं आहे आणि ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न ज्यांना बियाणं आल्यानंतर पडला आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. अनुभवी उत्पादकांनी ती वाचू नये. त्यांची स्वतःची पद्धत असते आणि ती दुसऱ्या कुठल्याही अनुभवी उत्पादकाला मान्य नसते.

आधी थोडं तत्त्व (गाळू नका)

धिंगरी काडावर वाढते. काडातलं सेल्युलोज आणि लिग्निन पचवायची ताकद तिच्यात आहे, पण तिला घाई नाही. घाई बाकीच्यांना असते. शेतातून आलेल्या काडावर इतर बुरशींचे बीजाणू आधीपासूनच बसलेले असतात. त्यांत हिरवी बुरशी, म्हणजे ट्रायकोडर्मा, सर्वांत उतावळी. ओल मिळाली की ती धिंगरीच्या आधी पसरते.

नवशिका इथे म्हणतो, ‘मग सगळ्यांनाच मारून टाकू.’ आणि कुकर काढतो. कुकर खाली ठेवा. 15 पौंड दाबाखाली 121 अंश सेल्सिअसला काड ठेवलं तर ते खरोखर निर्जंतुक होतं, पण मग त्यावर कुणीच उरत नाही. उष्णता सोसणारे जे जिवाणू काडावर जागा अडवून बसले असते आणि हिरव्या बुरशीला सहजी शिरकाव करू देत नव्हते, तेही जातात. अशा काडावर तुमच्या स्वयंपाकघरातल्या हवेतला एक बीजाणू पडला तरी पुरे. ज्वारीच्या किंवा गव्हाच्या दाण्यांवर बियाणं तयार करणारे लोक 121 अंशांपर्यंत जातात, कारण दाणा हे फार पौष्टिक खाद्य आहे. पण त्यांच्याकडे प्रयोगशाळा असते. तुमच्याकडे ओटा आहे, आणि ओट्यावर कालची कोथिंबीर.

लुई पाश्चरने 1865 मध्ये वाइन टिकवण्याच्या ज्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तिचं मर्म आवरतं घेण्यात होतं. वाइन त्याने उकळली नाही, नुसती तापवली. उकळली असती तर जंतू गेले असते, वाइनही गेली असती आणि फ्रान्समध्ये त्याचे पुतळे उभे राहिले नसते.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण सोवळं त्याला ठाऊक आहे. सोवळ्यात जगातली अशुद्धता नष्ट करायची नसते. एकदा आंघोळ करायची आणि त्यानंतर कुणी शिवायचं नाही, इतकंच. काडालाही तासभर गरम पाण्याची आंघोळ, आणि मग कुणी शिवायचं नाही. पहिल्या भागाला गॅस लागतो, दुसऱ्याला स्वभाव.

साहित्य

*काड, 1 किलो.* गव्हाचं काड, भाताचा पेंढा किंवा सोयाबीनचं कुटार, जे मिळेल ते. विदर्भातल्या वाचकांना कुटार मागे लागून मिळतं; शहरी वाचकांनी जवळचा गोठा गाठावा आणि ‘जनावरं किती?’ या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं. काड याच हंगामातलं, कोरडं, पिवळंधमक हवं. पावसात भिजून काळवंडलेलं काड कुणी फुकट देऊ केलं, तर ते फुकट का आहे याचा विचार करावा.

*पातेलं.* लग्नकार्यातलं मोठं असेल तर उत्तम. नसेल तर पत्र्याचं पिंप, मात्र त्यात आधी रंग, डांबर किंवा फवारणीचं औषध होतं का, ते विचारून घ्या. पातेलं घरातलंच वापरणार असाल तर ते कुणाच्या माहेरचं आहे, हे आधी तपासा.

*पोतं आणि सुतळी.* काड भरायला. पोतं जाळीदार असेल तर पाणी आत पटकन जातं.

*वजन.* काड तरंगतं. कितीही समजावलं तरी तरंगतं. मिक्सर आल्यापासून बेरोजगार झालेला पाटा यासाठी अगदी योग्य आहे.

*थर्मामीटर.* 100 अंशांपर्यंत दाखवणारा. घरातला तापाचा थर्मामीटर 42 अंशांच्या आसपास संपतो. काडाला ताप आलेला नाही. ‘आम्ही बोट बुडवून सांगतो’ असं म्हणणारे वडीलधारे प्रत्येक घरात असतात. त्यांचा मान राखावा आणि त्यांचं बोटही.

पायरी पहिली : कापणं

काडाचे 3 ते 5 सेंटिमीटरचे तुकडे करा. कडबाकुट्टी असेल तर काम सोपं. नसेल तर कोयता, आणि तोही नसेल तर घरातली कात्री, जी यानंतर कापड कापणार नाही. लांब काड पिशवीत दाबून बसत नाही, मध्ये पोकळ्या राहतात आणि बुरशीच्या तंतूंना त्या ओलांडाव्या लागतात. नवशिके कंटाळून शेवटची मूठ अखंडच टाकतात. हरकत नाही, पिशवी कुठे फाटते ते पाहिलं की ती मूठ नेमकी सापडेल.

पायरी दुसरी : भिजवणं

पोत्यात भरलेलं काड रात्रभर, म्हणजे 8 ते 12 तास, साध्या पाण्यात बुडवा. वर पाटा. काडावर मेणासारखा थर असतो, त्यामुळे पाणी शिरायला वेळ लागतो. दुसरा फायदा असा, की झोपलेले बीजाणू ओल लागताच जागे होतात, आणि जागा झालेला बीजाणू झोपलेल्यापेक्षा उष्णतेने लवकर मरतो. आधी उठवून मग मारणं क्रूर वाटेल, पण ही शेती आहे.

सकाळी पाणी चहाच्या रंगाचं दिसेल. ते ओतून द्या. कुणी विचारलंच तर चहा नाही म्हणून सांगा, वासावरूनही पटेल. उन्हाळ्यात 12 तासांच्या वर भिजवलं तर काड आंबू लागतं. मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘ड्रेनेज लाइन तुंबली आहे का?’ असा संदेश येतो. त्याला उत्तर देऊ नये.

पायरी तिसरी : आंघोळ

दुसऱ्या पाण्याचं तापमान 75 ते 80 अंशांवर आणा, पोतं बुडवा, पाटा ठेवा. पोतं गार असल्याने पारा लगेच उतरतो. तो परत वर येऊ द्या. घड्याळ तेव्हापासून लावायचं, तेही पोत्याच्या *मध्यभागी* किमान 65 अंश झाल्यावर. बहुतेक नवशिके कडेच्या पाण्यात थर्मामीटर बुडवतात, 80 वाचतात आणि समाधानाने पेपर उघडतात. पोत्याच्या पोटात तेव्हा 45 असतात आणि हिरवी बुरशी सुखरूप असते. तिथून पुढे एक तास 65 ते 80 च्या मध्ये राहायचं.

60 च्या खाली गेलात तर नुसती कोमट आंघोळ झाली. खळखळून उकळवलंत आणि तासन्‌तास उकळत ठेवलंत तर काडातले विरघळणारे घटक पाण्यात उतरतात, काड लगदा होतं आणि राखण करणारे जिवाणूही मरतात. ‘जास्त वेळ ठेवलं तर जास्त चांगलं’ हे तत्त्व लोणच्याला लागू आहे, इथे नाही.

हिशोबी वाचकांसाठी : 25 लिटर पाणी 25 अंशांवरून 75 वर न्यायला घरगुती शेगडीवर साधारण पावशेर गॅस जातो. अंगणात चूल किंवा बंब असेल तर त्यासारखं सुख नाही. बंबातलं कढत पाणी जाड झाकणाच्या आइसबॉक्समध्ये काडावर ओतून झाकण लावलं, की तासभर ऊब टिकते. फक्त मध्यभागचं तापमान मोजायला विसरू नका. गीझरचं पाणी मात्र नळातून बादलीत आणि बादलीतून काडात जाईपर्यंत सहसा 60 च्या खाली येतं. काड त्यात न्हातं, पण शुद्ध होत नाही.

दोन उपमार्ग

*चुना.* विझवलेल्या चुन्याच्या पाण्यात काड रात्रभर ठेवलं तर पाण्याचा सामू 12 च्या आसपास जातो आणि बहुतेक स्पर्धक गारद होतात. गॅस लागत नाही. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा मात्र लागतो. आजोबांच्या पानाच्या डबीतला चुना पुरत नाही, आणि डबी रिकामी सापडल्यावर व्हायच्या चौकशीला ही मार्गदर्शिका जबाबदार नाही.

*रसायन.* 100 लिटर पाण्यात 7.5 ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि 125 मिलिलिटर फॉर्मेलिन, काड 16 ते 18 तास बुडवून, हा मोठ्या उत्पादकांचा जुना उपाय आहे. बुरशी वाढवण्यासाठी बुरशीनाशक! पण एवढी मात्रा धिंगरी सोसते आणि ट्रायकोडर्मा सोसत नाही. फॉर्मेलिनच्या वाफेने डोळे आणि घसा चुरचुरतो. हे काम बंद बाथरूममध्ये करायचं नाही; खरं तर नवशिक्याने हे घरात करायचंच नाही.

पायरी चौथी : निथळणं आणि गार करणं (इथे माणसाची परीक्षा)

पोतं बाहेर काढून टांगा, पाणी निथळू द्या. मग धुतलेल्या प्लॅस्टिक कागदावर काड पसरा. आता सोवळं सुरू झालं. दारं-खिडक्या बंद. केर काढायचा नाही, चादरी झटकायच्या नाहीत, भाजी निवडायची नाही. आणि पंखा बंद. घरातले सगळे बीजाणू एकत्र करून काडावर फवारायचं यंत्र कुणाला बनवायचं असतं, तर त्याने छताचा पंखाच बनवला असता. काड गार करायला तो लावावासा वाटतो, यातच त्याचा धोका आहे. मे महिन्यात हे जमणार नसेल तर जुलैपर्यंत थांबा; धिंगरीलाही 20 ते 30 अंश आणि भरपूर दमट हवाच आवडते.

ओल तपासायला साबणाने धुतलेल्या हाताने मूठभर काड घट्ट पिळा. तळवा ओला झाला पण थेंब गळला नाही, म्हणजे ओल 65 टक्क्यांच्या आसपास, बरोबर. धार लागली तर आणखी थांबा. ही परीक्षा एकानेच करायची. घरातला प्रत्येक जण ‘बघू, बघू’ म्हणत पिळायला येतो आणि प्रत्येकाच्या हाताचा इतिहास वेगळा असतो.

काड 30 अंशांच्या खाली आल्याशिवाय बियाणं मिसळू नका. गरम काडात बियाणंही शिजतं, म्हणजे ज्याच्यासाठी हा सोहळा केला तोच पाहुणा दारात गेला. 1 किलो कोरड्या काडाचं आता जवळपास 3 किलो ओलं काड झालेलं असेल. त्याला 2 ते 3 टक्के, म्हणजे 60 ते 90 ग्रॅम बियाणं थराथराने लावा. पिशवी बांधा, बारीक छिद्रं पाडा, अंधाऱ्या जागी ठेवा आणि रोज उघडून पाहू नका.

निकाल कसा वाचावा

*15 ते 20 दिवसांत पिशवी पांढरीशुभ्र :* जमलं. कॉलर ताठ करायला हरकत नाही.

*हिरवे ठिपके :* मध्यभागी तापमान पोचलं नव्हतं, किंवा पंखा. घरातले ‘पंखा लावलाच नव्हता’ असं सांगतील. पिशवी न उघडता बाहेर न्या. स्वयंपाकघरात उघडलीत तर पुढच्या पिशवीचीही सोय झाली.

*आंबूस वास, चिकट काड :* पाणी जास्त राहिलं.

*काटकुळ्या देठाच्या, काळ्या शाईसारख्या विरघळणाऱ्या छत्र्या :* ही धिंगरी नव्हे. ‘उगवलंय तर खाऊन बघू’ हा विचार मनात आणू नका.

शंकासमाधान

*एवढ्या खटाटोपातून मिळतं किती?*
1 किलो कोरड्या काडातून अर्धा ते एक किलो ताजी धिंगरी. भाजी एकदा, शेजाऱ्यांना एकदा, आणि फोटो मोजदादीपलीकडचे.

*पीक निघाल्यावर उरलेलं काड?*
कुंड्यांना खत. कुंड्या तक्रार करत नाहीत.

*काड इतकं सांभाळण्यापेक्षा सरळ बाजारातून पांढऱ्या बटन मशरूमचं पाकीट आणलं तर?*
जरूर आणा. त्या बटनचं कंपोस्टही बंद खोलीत 58 ते 60 अंशांवर काही तास पाश्चराइझ केलेलं असतं, आणि मग 48-50 अंशांवर आणून त्यातला अमोनिया जाईपर्यंत दिवसेंदिवस राखलेलं असतं. म्हणजे पाश्चरीकरण तुम्ही टाळलं नाही, फक्त दुसऱ्याला पैसे देऊन करून घेतलंत. तिथेही एक माणूस थर्मामीटर मध्यभागी खुपसून बसलेला असतो. फरक इतकाच, की त्याच्या मागे उभं राहून ‘बोट बुडवून बघ’ असं सांगणारं कुणी नसतं.