यंदा कुणाचं सोंग?

फिश या अमेरिकन रॉक बँडच्या चाहत्यांना बोलायला विषय एरवीही कमी पडत नाहीत, पण ऑक्टोबर लागला की त्यांची रसवंती विशेष पाझरू लागते. 31 तारखेला हॅलोविन. त्या संध्याकाळी तिकडची पोरंसोरं भुतांचे, चेटकिणींचे, स्पायडरमॅनचे कपडे चढवून दारोदार चॉकलेटं मागत हिंडतात. मग बँडने मागे का राहावं? 1994 साली फिशने ठरवलं की आपणही सोंग घ्यायचं, पण कपड्यांचं नाही, संगीताचं. कार्यक्रमाच्या मधल्या भागात दुसऱ्याच कुणाचा तरी अख्खा अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवायचा. आणि कुणाचा ते आधी सांगायचं नाही.

कपड्यांचं सोंग टाळण्यामागे एक व्यावहारिक अडचणही असावी, असं मला आपलं वाटतं. या बँडचा ड्रमर जॉन फिशमन वर्षानुवर्षं निळ्या झग्यात बसत आलाय. झग्यावर लाल वर्तुळं. मधूनच तो ड्रम सोडून पुढे येतो आणि व्हॅक्यूम क्लीनर तोंडाशी धरून माईकसमोर वाजवतो. जो माणूस एखाद्या साध्या मंगळवारीही असा दिसतो, त्याने हॅलोविनला आणखी काय घालायचं?

माझी ही सगळी विद्या ऐकीव. भाचा डेन्व्हरला असतो. ऐन ऑक्टोबरात मी त्याच्याकडे मुक्कामाला होतो आणि शनिवारी रात्री त्याच्या घरी जमणारी मंडळी याच पंथातली निघाली. एक दाढीवाला सुतार, एक गणित शिकवणाऱ्या बाई आणि एक दंतवैद्य. तिघांचेही केस पिकलेले. "मामा, तू झोप, यांना उशीर होईल," भाचा म्हणाला. मी कसला झोपतोय! ज्या भांडणात आपल्याला कोणतीच बाजू घ्यावी लागत नाही, ते ऐकण्यासारखं सुख नाही.

ही माणसं तारखांत बोलतात. आपण म्हणावं "परवाची मैफल", तर ते म्हणतात "दहा-एकतीस-चौऱ्याण्णव", महिना आधी. त्याला कारण आहे. 1983 साली व्हर्माँटमधल्या बर्लिंग्टन गावी विद्यापीठातल्या पोरांनी काढलेल्या या बँडच्या नावावर घराघरात पोचलेलं गाणं जवळजवळ नाही. त्यांची सगळी मातब्बरी रंगमंचावर. तेच गाणं एका रात्री 6 मिनिटांत आटपतील, दुसऱ्या रात्री अर्धा तास भटकून येतील. 2017 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 13 रात्री वाजवलं आणि एकही गाणं दुसऱ्यांदा घेतलं नाही. तेव्हा नुसतं गाण्याचं नाव घेऊन भागत नाही. कुठल्या तारखेचं ते सांगावं लागतं.

त्यात बँडने पहिल्यापासून ध्वनिमुद्रणाला मुभा दिलेली. चाहते उंच दांड्यांवर मायक्रोफोन चढवून अख्खी रात्र टिपत, आणि मग त्या कॅसेटी टपालाने देशभर फिरत. यातून एक चमत्कारिक परिस्थिती उद्भवते. जो हजर असतो तो नाचत असतो. त्याला फारसं काही आठवत नाही. जो गैरहजर असतो, त्याने ती कॅसेट झिजेपर्यंत ऐकलेली असते. गणिताच्या बाई 1994च्या त्या पहिल्या हॅलोविनला हजर होत्या. दंतवैद्य नव्हता. बाई म्हणाल्या, "फार मजा आली होती." दंतवैद्य म्हणाला, "हो, पण पहिल्या सेटमध्ये गिटार जरा मागे पडलं होतं." बाईंनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी आमच्याकडे लग्नाला न आलेल्या पाहुण्याने जेवणाला नावं ठेवली तेव्हाच फक्त पाहिली आहे.

त्या रात्रीची कथा मात्र बाईंकडूनच ऐकावी. न्यूयॉर्क राज्यातलं ग्लेन्स फॉल्स नावाचं छोटं गाव. कोणता अल्बम वाजवावा यासाठी चाहत्यांनी टपालाने मतं पाठवलेली. निकाल गुलदस्त्यात. मध्यंतर संपलं, दिवे गेले आणि अंधारात हृदयाचे ठोके ऐकू येऊ लागले. बाईंनी ते टेबलावर बोटांनी वाजवून दाखवले. ते ठोके म्हणजे पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ची सुरुवात. सभागृहात एकच आरडाओरडा. "मी सांगितलं नव्हतं?" असं जो तो शेजाऱ्याला सांगू लागला. तेवढ्यात ठोके विरले आणि एड सलिव्हनचा जुना आवाज आला, टीव्हीवर बीटल्सची ओळख करून देणारा. मग बँडने बीटल्सचा 'व्हाइट अल्बम' सुरू केला, त्यातली 30 गाणी. सगळा कार्यक्रम संपला तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते.

मला यातली गंमत 'व्हाइट अल्बम'पेक्षा त्या ठोक्यांत वाटते. बँडमधल्या चौघांना पक्कं ठाऊक होतं की समोरचे लोक अंदाज बांधून बसलेत. तो अंदाज त्यांनी आधी गोंजारला आणि मग त्याच्या पायाखालचं जाजम ओढलं. पुढची तीसेक वर्षं ते वेगवेगळ्या तऱ्हेने हेच करत आले. चाहत्यांना वाटतं, आपण बँडचं सोंग ओळखायला आलोय. बँड येतो तो मात्र चाहत्यांच्या जाणतेपणाची फिरकी घ्यायला.

1995ला शिकागोजवळच्या रोझमाँटमध्ये द हू या बँडचं 'क्वाड्रोफिनिया' झालं. त्याच्यावर फार चर्चा झाली नाही, कारण सगळ्यांना 1996वर यायची घाई. अटलांटात टॉकिंग हेड्सचा 'रिमेन इन लाइट'. दारातच नाटकाच्या कार्यक्रमपत्रिकेसारखी पुस्तिका हातात ठेवलेली, तिच्यात अल्बमचं नाव. सुताराचं म्हणणं, हे सोंग बँडच्या अंगाला जे चिकटलं ते निघालंच नाही. अल्बम 1980चा, त्यात सूर फार इकडेतिकडे हलत नाहीत, एकाच ठेक्यावर थर चढत जातात. तो बसवण्यासाठी या मंडळींना आपली करामत आवरून एकमेकांचं ऐकत थांबावं लागलं, आणि पुढच्याच वर्षी त्यांचं स्वतःचं वाजवणं तसं झालं, संथ, जाड आणि नाचायला लावणारं. याबाबतीत चाहत्यांत दुमत नाही. बँडही तसंच सांगतो. दुमत नसल्यामुळे विषय पाच मिनिटांत संपला आणि मंडळी जरा हिरमुसली.

मग कुणीतरी युटाचं नाव काढलं, आणि सुताराने हातातला ग्लास खाली ठेवला.

1998चा हॅलोविन लास व्हेगसला होता. शनिवार. सोंग निघालं व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या 'लोडेड'चं, जे त्या गर्दीतल्या बऱ्याच तरुणांनी तेव्हा ऐकलेलंही नव्हतं. पुढचा कार्यक्रम सोमवारी, 2 नोव्हेंबरला, सॉल्ट लेक सिटीच्या शेजारी वेस्ट व्हॅली सिटीत. त्याच्या पुढचा थेट डेन्व्हरला. सगळ्यांनी एकच हिशोब केला: मोठी रात्र झाली, सोमवारी युटात काय ठेवलंय? झोप काढू आणि डेन्व्हर गाठू. तिकिटं उरली. सुताराजवळ एक होतं, ते त्याने लास व्हेगसच्या पार्किंगमध्ये कुठल्याशा पोराला फुकट देऊन टाकलं.

आता फिशचं 'हारपुआ' नावाचं एक गाणं आहे. ते क्वचित वाजतं. त्यात गिटारवादक ट्रे अनास्तासिओ मध्येच थांबतो आणि जिमी नावाचा मुलगा आणि त्याचं मांजर यांची गोष्ट सांगू लागतो. कीर्तनकार अभंग अर्ध्यावर ठेवून आख्यानात शिरतो, तसंच. मांजराचं बहुधा भलं होत नाही. आख्यान दर वेळी वेगळं. त्या सोमवारी, अर्ध्यामुर्ध्या भरलेल्या सभागृहात, आख्यान रंगात आलं आणि अंधारात ठोके ऐकू आले. तेच, 4 वर्षांपूर्वीचे. लोक हसले असतील. ही थट्टा त्यांना ठाऊक होती. पण या वेळी ठोके थांबले नाहीत. 'डार्क साइड ऑफ द मून' सुरू झाला आणि शेवटपर्यंत वाजला. तो त्यांनी म्हणे त्याच दिवशी घाईघाईने बसवला होता. तो संपल्यावर अनास्तासिओने गाण्याचा राहिलेला भाग पुरा केला, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

हॅलोविन उलटून दोन दिवस झाले होते. पत्रिका नाही, मतदान नाही, गाजावाजा नाही. जे सोंगाच्या आशेने लांबून लास व्हेगसला आले ते निघून गेल्यावर, जे कशाचीच आशा नसताना आले त्यांना ते मिळालं. सुतार म्हणाला, "मी त्या पोराला अजून शोधतोय." कशासाठी, ते त्याने सांगितलं नाही. दंतवैद्य त्याला समजावू लागला की रेकॉर्डिंग ऐकलं तर वादन तसं काही फार बांधेसूद नाही, आणि सुतार कृतज्ञतेने मान हलवत राहिला. हुकलेली गोष्ट मुळात सामान्यच होती, हे कुणीतरी वेळोवेळी सांगावं लागतं. मित्र असतात ते त्यासाठीच.

भाचाही युटासाठी हळहळतो. 1998 साली तो सांगलीत दहावीला होता. त्या सोमवारी तो कोणत्याही मार्गाने युटाला पोचू शकत नव्हता, हे मी त्याला पटवून पाहिलं. तो म्हणाला, "ते खरं रे मामा, पण तरी." या 'पण तरी'ला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

यानंतर मंडळी जरा भराभर पुढे सरकली. 2009 साली कॅलिफोर्नियातल्या इंडिओला उघड्या मैदानावर तीन दिवसांचा जलसा झाला. त्याआधी बँडने अल्बमांची लांबलचक यादी जाहीर केली आणि त्यातले अल्बम एकामागून एक 'ठार मारले'. शेवटी उरला रोलिंग स्टोन्सचा. मेलेल्यांसाठी चाहत्यांनी सुतक पाळायचं तेवढं बाकी ठेवलं. 2016ला डेव्हिड बोवीचा 'झिगी स्टारडस्ट' झाला. बोवी त्याच वर्षी जानेवारीत गेला होता, त्यामुळे या रात्रीबद्दल दंतवैद्यही नरमाईने बोलला.

खरी रणधुमाळी 2013ची. अटलांटिक सिटी, बोर्डवॉक हॉल. लोक पत्रिका उघडून बघतात तर यंदाचं सोंग फिशचंच! भूतकाळातले अल्बम वाजवून झाले, आता भविष्यातला वाजवतो, असं म्हणून त्यांनी स्वतःचीच कुणी न ऐकलेली नवी गाणी वाजवली. पुढच्या वर्षी त्यांतली बरीचशी त्यांच्या अल्बमात आली. बाईंच्या मते ही शुद्ध फसवणूक: "बिनकामाच्या सोमवारी नवी गाणी वाजवा ना, हॅलोविन कशाला खर्ची घालता?" सुताराच्या मते यापेक्षा धाडसी सोंग नाही, कारण बाकीच्या वेळी निदान गाणी चांगली असल्याची खात्री होती. मला सुताराचं पटलं, पण मी पाहुणा. पुढच्याच वर्षी त्यांनी लास व्हेगसला डिस्नेची 1964ची ध्वनिमुद्रिका काढली, जिच्यात गाणी नाहीतच. आहेत ती कुरकुरणारी दारं, किंकाळ्या आणि कुत्र्यांचं रडणं. त्या आवाजांभोवती त्यांनी नवं संगीत रचलं. थोडक्यात, चाहत्यांनी ज्याचा अंदाज करावा, ते शिल्लकच ठेवायचं नाही.

त्याचा कळस 2018ला झाला. पुन्हा लास व्हेगस. पत्रिकेत नाव छापलेलं: कास्वोट व्हेक्स्ट. 1981 साली एकमेव अल्बम काढून लुप्त झालेला स्कँडिनेव्हियन बँड. सोबत त्यांचा साग्रसंगीत इतिहास. मध्यंतरात लोकांनी फोन काढले, शोधलं, तर अल्बमचं परीक्षणसुद्धा सापडत होतं. दंतवैद्य त्या रात्री, एकदाचा, जातीने हजर होता. त्याने शेजाऱ्याला सांगितलं की हा अल्बम आपण कॉलेजात असताना ऐकलाय, पहिली बाजू चांगली आहे, दुसरी जरा ढिली पडते. मग पांढऱ्याफेक रंगमंचावर पांढऱ्याफेक कपड्यांत चौघे आले आणि वाजवू लागले.

असा बँड कधी नव्हताच. अल्बम नव्हता, स्कँडिनेव्हियन कुणी नव्हते. गाणी फिशनेच रचलेली, इतिहास बनावट, आणि ते परीक्षणही आधीच पेरून ठेवलेलं.

भाच्याने ही गोष्ट सांगितली तेव्हा दंतवैद्य खिडकीबाहेर पाहत होता. क्षणभराने म्हणाला, "दुसरी बाजू ढिलीच आहे." आणि गंमत म्हणजे बाईही म्हणाल्या, "हो, ते मात्र खरं."

यातून एक शास्त्रीय पेच उभा राहिला, आणि त्या रात्री तो सुटला नाही. बाई वह्या ठेवतात. कोणतं गाणं कधी वाजलं, किती कार्यक्रमांनंतर वाजलं, स्वतःचं की दुसऱ्याचं, याच्या. कास्वोट व्हेक्स्टची गाणी कोणत्या रकान्यात घालायची? फिश ती आता इतर कार्यक्रमांतही वाजवतात. दंतवैद्याच्या मते दुसऱ्याची. तसं जाहीर झालंय आणि पत्रिका हा कागदोपत्री पुरावा आहे. बाईंच्या मते जो माणूस जन्मलाच नाही त्याची गाणी उसनी घेता येत नाहीत.

हे मिटतंय न मिटतंय तोच सुताराने 2021 काढलं. त्या हॅलोविनला लास व्हेगसच्या रंगमंचावर 'साय-फाय सोल्जर' नावाचा बँड आला, अंतराळवीरांच्या अवतारात, इसवी सन 4680मधून. प्रेक्षकांना कॉमिकचं पुस्तक वाटलेलं. सुताराचं म्हणणं असं, की तो सेट वह्यांत धरूच नये, कारण त्या वेळात फिश रंगमंचावर नव्हतेच.

"मग मी तिकिटाचे पैसे दिले कुणाला?" बाईंनी विचारलं.

"ते निराळं. गाणी दुसऱ्यांची होती."

बाईंनी चष्मा पुसला. "दुसऱ्यांची म्हणायची, तर त्यांनी ती आधी वाजवलेली हवीत. ते ती 4680 साली वाजवणार. म्हणजे त्या रात्रीनंतर 2659 वर्षांनी." कागद पुढे ओढून त्यांनी वजाबाकी करूनही दाखवली. "फिशने ती 2021ला वाजवली. आधी कुणी वाजवली? फिशने. तेव्हा गाणी फिशचीच. उसनी घेणारेत ते ते लोक."

दंतवैद्याने वजाबाकी तपासली. ती बरोबर होती.