बियाचं तवसं

भाद्रपद उतरणीला लागतो, गणपतीला आलेले चाकरमानी तुतारी एक्सप्रेसच्या डब्यात एकमेकांच्या पिशव्यांवर बसून मुंबईला परततात आणि वाडीत तात्यांचा मोसम सुरू होतो. तात्या आमच्याच वाडीत आहेत असं नाही. रत्नागिरीकडच्या दर वाडीत ते असतात. कुठे अण्णा, कुठे भाऊ. नाव बदलतं, कमरेचा पंचा आणि हातातली कोयती बदलत नाही.

फळ द्यायला कर्ण आणि बी द्यायला कवडीचुंबक, ही तात्यांची खूण. ह्या दिवसांत त्यांच्या मांडवाला पडवळं, शिराळी आणि दुधी इतके लोंबतात की खालून जाणाऱ्याने मान लववूनच जावं. सकाळी गडग्यावरून हाक येते, "वैनी, तवसं हवं काय?" तो प्रश्न नसतो. वैनींनी पदराला हात पुसेपर्यंत मांडीएवढं तवसं गडग्याच्या अलीकडे उतरलेलं असतं. पहिल्या दिवशी कोशिंबीर, दुसऱ्या दिवशी घावन, तिसऱ्या दिवशी गूळ-रवा घालून धोंडस. चौथ्या दिवशी घरातली पोरं शाळेला जायची वाट बदलतात. एसटी पकडायला धावणाऱ्या मास्तरांच्या काखेतही तात्यांनी दुधी खुपसलेला आहे, आणि तो त्या दिवशी वर्गात फळ्याशेजारी उभा होता म्हणतात.

पण "तात्या, थोडं बी ठेवा हो आमच्यासाठी" एवढं म्हणून बघा. बहिरेपण येतं. फारच लावून धरलंत तर "यंदा बी धरलंच नाही." आणि तुमच्या डोळ्यांसमोर, मांडवाच्या मधोमध, पेंढ्यात गुंडाळलेलं बियाचं तवसं पिकून तांबूस होत असतं. त्याच्या शेजारी दृष्ट लागू नये म्हणून एक जुनी चप्पल. पुढे त्यातलं बी धुऊन, राखेत घोळवून, पुरचुंडीत बांधून चुलीवरच्या धुरात टांगलं जातं. घराची किल्ली कुठे असते ते वाडीला ठाऊक आहे; ह्या पुरचुंडीकडे बघायची मात्र प्राज्ञा नाही.

भोपळ्याचं फूल उमलतं पहाटे, दुधीचं संध्याकाळी, त्यामुळे तात्यांना दिवसाकाठी दोन मुहूर्त सांभाळावे लागतात. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि त्याचा पराग मादी फुलावर टेकवायचा. मादी ओळखणं सोपं, फुलामागे बोटभर दुधी आधीच धरलेला असतो. संध्याकाळी बॅटरी घेऊन तात्या अशी लग्नं लावत हिंडतात. भाच्याचं लग्नही त्यांनीच जमवायला घेतलं होतं. ते अजून जमतंय.

फळमाशीसाठी भाच्यानेच सापळे आणून टांगले. त्यातल्या गंधाला भुलून माश्या येतात आणि अडकतात, त्याही फक्त नर. "भुलायचं ते त्यांनीच," असं काकू ओटीवर तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. माश्या कमी झाल्या, हे तात्यांनाही मान्य आहे. श्रेय त्यांनी चपलेला दिलं.

हस्ताचा पाऊस जवळ आला की तात्या पंचांग काढून नक्षत्राचं वाहन बघतात. बेडूक असेल तर झेंडूची चिंता, कारण दसऱ्याच्या तोंडावर भिजलेला झेंडू कुजतो. मेंढा असेल तर हळव्या भाताची कापणी निर्धास्त. २०२० साली हवामान खात्याने मुंबईतून पाऊस परतण्याची सरासरी तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली. ही बातमी तात्यांनी कापून पंचांगात ठेवली आहे. "मी सांगतच होतो," असं ते म्हणतात. कुणाला सांगत होते, ते विचारायचं नसतं. दसऱ्याला मात्र त्यांच्या दारचा झेंडू टोपल्यांनी वाडीभर जातो. पैसे विचारणाऱ्याला ते दोन शिराळी जास्त देतात.

गेल्या साली पितृपक्षातच घात झाला. भर दुपारी वानरांची टोळी मांडवावर उतरली आणि नेमकं बियाचं तवसं पेंढ्यासकट घेऊन गेली. चप्पल तेवढी खाली टाकली. तात्या दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, ते गडग्यापाशी रिकाम्या हाताने उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "वैनी, तुमच्याकडचं एक तवसं बियाला ठेवाल काय?"

वैनींनी हो म्हटलं. खरं तर वाडीतल्या प्रत्येक मांडवावर तात्यांचंच तवसं आहे. काकू दर मिरगाआधी हळदीकुंकवाच्या पुडीतून बी पोचवतात, आणि हे तात्या सोडून सगळ्यांना माहीत आहे.

तात्यांनी वैनींच्या मांडवाखाली उभं राहून तवसं हातात तोललं, नख लावून पाहिलं, देठ हुंगला.

"जात आमच्याएवढी चांगली नाही," ते म्हणाले, "पण चालवून घेऊ."