युक्तिवादाची तयारी (रात्री)

पाचोऱ्याच्या बाजारात सांगितलेल्या भावाला कोणी काही घेत नाही. मेथीच्या जुडीसाठीही घासाघीस होते. फक्त दोन माणसांपुढे आमची तोंडं शिवलेली असतात : डॉक्टर आणि वकील. एकाच्या हातात जीव असतो, दुसऱ्याच्या हातात फाईल.

आमची फाईल भूसंपादनाची. रस्त्यात गेलेल्या शेताचा मोबदला वाढवून मिळावा म्हणून वडिलांनी दावा लावला आणि वारसाहक्काने तो माझ्याकडे आला. केस आमच्या पाचोरा-जामनेर 'पीजे' रेल्वेसारखी चालली. चालत्या गाडीतून उतरावं, पाणी प्यावं, परत चढावं. पीजे 2020 साली बंद पडली, केस मात्र चालूच राहिली. अखेर निकाल लागला, चौदा लाख वाढले, आणि पेढे संपायच्या आत वकीलसाहेबांचं बिल आलं : 1 लाख 86 हजार.

पैकी 1 लाख 40 हजार म्हणजे वाढीव रकमेचे दहा टक्के. उरलेले खाली बारीक अक्षरात. टायपिंग, झेरॉक्स, वेल्फेअर फंडाचं तिकीट इथपर्यंत ठीक. पुढे 'युक्तिवादाची तयारी (रात्री)', पाच हजार. दिवसाचा दर वेगळा असावा. 'जळगाव जाणे-येणे, मोटार' असंही होतं. त्या तारखांना साहेब माझ्याच शेजारी बसून पॅसेंजरने आले होते. तिकीट माझं, भजीही माझी. शेवटी 'किरकोळ', आणि त्याच्या खाली 'इतर किरकोळ'. दर तारखेला रोख दिलेल्या पैशांचा मात्र कुठे पत्ता नव्हता. वकिलाकडे पावती मागणं आमच्याकडे उद्धटपणात जमा होतं. अपिलासाठी कागद मागितले तर म्हणाले, "आधी हिशेब, मग फाईल."

पुतण्या म्हणाला, "काका, ग्राहक मंचात खेचा!" पण ते दार सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2024 रोजी लावून घेतलं आहे : वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही. म्हणजे मिक्सर बिघडलेला निघाला तर मी ग्राहक, युक्तिवाद बिघडलेला निघाला तर नुसता अशील. बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण ती गैरवर्तणुकीची. तिथला रोख शिक्षेवर, आकडेमोडीवर नाही. तिकडे कॅलिफोर्नियात म्हणे अशिलाने मागणी केली की वकिलाला फीच्या लवादापुढे यावंच लागतं. आपल्याकडेही सार्वजनिक काकांनी दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात लवाद कोर्ट काढलं होतं. पाचोऱ्यात आमच्याकडे अण्णा आहेत.

अण्णा म्हणजे कोर्टातले निवृत्त नाझर. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बिल दोनदा वाचलं. "वकील हुशार शे भो," ते म्हणाले, "पन त्यानी फी त्यानापेक्षा हुशार शे."

मी सुचवलं, एक लवाद माझा, एक त्यांचा. अण्णा म्हणाले, 1996 च्या कायद्यात लवादांची संख्या सम चालत नाही आणि करार लेखी लागतो. त्यांनी वहीचं पान फाडून करार लिहिला, त्यात लवाद म्हणून स्वतःचं एकट्याचं नाव घातलं आणि दोघांच्या सह्या घेतल्या. वकीलसाहेब मुकाट्याने आले. उमेदवारीच्या काळात त्यांचे अर्ज अण्णांनी इतक्या वेळा परत केले होते की 'नाही' म्हणायची सवयच मोडली असावी.

अण्णांनी रोजनाम्याची नक्कल आधीच काढून ठेवली होती. बिलातली तारीख ते वाचत आणि शेजारी रोजनाम्यातला शेरा : 'न्यायाधीश रजेवर.' 'तहकूब.' 'न्यायाधीश रजेवर.' मग चष्मा खाली घेऊन विचारत, "ह्या दिवशी युक्तिवाद कोणापुढे केला, साहेब?" वकीलसाहेब पंख्याकडे बघत.

निवाडा अर्ध्या पानाचा होता. टक्केवारी साफ रद्द : दाव्याच्या फळात वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांनाच मंजूर नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली, अपघाताच्या भरपाईतून टक्के मागणाऱ्या वकिलाच्या प्रकरणात, ते पुन्हा बजावलं आहे. फाईल आजच परत : फी थकली म्हणून कागद अडवता येत नाहीत, हा निकाल तर 2000 सालचा. केस मात्र त्यांनी मन लावून चालवली होती, सबब एकूण 70 हजार. रात्रीच्या तयारीचे अण्णांनी दोन हजार मान्य केले. "दिवसा तयारी करताना ह्याला मी तरी कधी बघितलं नाही," असं कारणही लिहिलं. स्वतःची फी त्यांनी भरीत आणि कळण्याच्या भाकरीवर मिटवली. वकीलसाहेबांनी तिसरी भाकरी मागून घेतली.

सगळं ऐकून सौ. म्हणाली, "शेत माझ्या नावावर केलं असतं तर वकील फुकट मिळाला असता." खरं आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यात महिलांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांनी वकीलपत्रावर सही करतानाच फी कागदावर लिहून घ्यावी आणि दर तारखेला पावती मागावी. वकीलसाहेब रागावले तरी मागावी.