ब्रेककाका

भिलाई इस्पात कारखान्यातून निवृत्त झालेला मराठी माणूस सेक्टरमधलं क्वार्टर सोडतो, तेव्हा त्याच्यापुढे साधारण दोन वाटा असतात. एक, मुलाकडे पुण्याला जाऊन नातवंडांच्या स्कूलबसची वेळ सांभाळणं. दुसरी, दुर्गातल्या बोरसीत वेळेवर घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर घर बांधणं आणि अंगणात उभ्या केलेल्या गाडीचा मालक, फोरमन आणि सेफ्टी ऑफिसर या तिन्ही पदांवर स्वतःची बिनविरोध नेमणूक करून घेणं. ब्रेककाका दुसऱ्या वाटेने गेलेले.

हे कोणा एकाचं नाव नव्हे. बोरसी, पद्मनाभपूर, रिसाली, कुठेही चार गल्ल्या फिरलात तर एखादा ब्रेककाका भेटतोच. पोर्चमध्ये जुनं पिवळं हेल्मेट खुंटीला लटकलेलं असतं. गाडीच्या डॅशबोर्डात एक वही असते, तिला तो लॉगबुक म्हणतो. त्याचं मराठी नागपूरकडून आलेलं, वाटेत छत्तीसगढी हिंदीचा पाहुणचार घेतलेलं आणि शेवटी कारखान्यात मुरलेलं. न्हाणीघरातल्या नळाचा वॉशर बदलायचा असला तरी तो म्हणतो, "उद्या सकाळी शटडाउन घ्यावा लागते." आणि खरोखरच घेतो. त्या दिवशी घरात आंघोळी दुपारी होतात.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. ब्रेककाका तिथे नोकरीला लागले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, पण सांगताना फीत कापायला तेच कात्री घेऊन उभे होते असं ऐकणाऱ्याला वाटतं. उमेदीची सगळी वर्षं मेंटेनन्समध्ये गेली. आधी परमिट, मग कुलूप, मग लाल टॅग आणि त्यानंतरच पान्याला हात, ही शिस्त हाडात गेलेली. गंमत अशी की चौदाशे-पंधराशे अंशांच्या लोखंडाशेजारी ज्याने जन्म काढला, त्या माणसाची झोप आता १४० अंशांच्या आकड्याने उडते.

तो आकडा ब्रेक ऑइलचा. काकांच्या अल्टोत डॉट-३ प्रकारचं पडतं. डबा नवा, सीलबंद असेल तर ते किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण हे द्रव पाण्याचं फार लोभी. रबरी होजमधून, आपल्या टाकीच्या झाकणातून, मिळेल तिथून हवेतला ओलावा ओढून घेतं. पाण्याचं प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेलं की डॉट-३ कडून फक्त १४० अंशांची हमी उरते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाटात सतत ब्रेक दाबून उतरताना चाकाशी एवढी उष्णता सहज तयार होते. द्रव उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. मग पायाचा सगळा जोर बुडबुडे चेपण्यात खर्ची पडतो, पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी चालतच राहते.

"आता तुम्ही म्हणाल, दुर्गात घाट कुठे आहे?" काका स्वतःच विचारतात, कारण समोरच्याने काहीही विचारलेलं नसतं. दुर्ग-नागपूर रस्ता बहुतेक सपाट. पण जगदलपूरला जाताना केशकालचा घाट लागतो, बारा वळणांचा. काका तिथे वर्षानुवर्षांत एखाद्या लग्नालाच जातात. तरी ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे ते बोरसीच्या भाजीवाल्यालासुद्धा सांगून चुकलेले असतात. भाजीवाल्याकडे हातगाडी आहे.

इतिहासही पाठ असतो. १९२१च्या ड्युसेनबर्ग गाडीला चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक होते, आणि त्या सुरुवातीच्या काळात ब्रेकमध्ये एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण वापरत, हे सांगताना काकांच्या चेहऱ्यावर घरचं माणूस परदेशात नाव काढून आल्याचा आनंद असतो. काकींचा प्रश्न एवढाच, "म्हणजे आम्हाला लहानपणी नाक दाबून पाजायचे, तेच?"

बहुतेक कंपन्या दर दोनेक वर्षांनी हे द्रव बदलायला सांगतात. नाक्यावरचा मेकॅनिक झाकण उघडून पाहतो, थोडं वरून ओततो आणि म्हणतो, "हो गया अंकल." हे ‘हो गया’ काकांना सहन होत नाही. वरून नवं ओतलं तरी चाकाशी जुनंच राहतं, आणि उकळतं ते चाकाशी. म्हणून काम घरी. पावसाळ्यात नाही, ऑक्टोबरनंतर, हवेतली ओल गेली की.

आदल्या रात्री पोर्चमध्ये साहित्य मांडलं जातं. सीलबंद डबा, रिंग पाना, पारदर्शक नळी, बाटली, मेडिकलमधून आणलेली मोठी सिरिंज, हातमोजे, चष्मा, पाण्याची बादली. बादली रंगासाठी. हे द्रव गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो, त्यामुळे थेंब पडताच पाणी ओतायचं. सिरिंज टाकीतलं जुनं द्रव उपसण्यासाठी. पूर्वी काही मेकॅनिक नळीने तोंडाने ओढत, आणि हे विष आहे हे सांगताना काकांचा आवाज चढतो. गाडी सपाट फरशीवर, चाकांना दोन्हीकडून अडण, जॅकवर उचलली की लगेच खाली लोखंडी स्टँड. विटांवर गाडी टेकवणाऱ्या शेजाऱ्याला काकांनी एकदा भर गल्लीत चार्जशीट दिली होती, तोंडी.

मग खरा खेळ. पेडलवर काकी, चाकाशी काका. टाकीत नवं द्रव भरलेलं. कोणतं चाक आधी घ्यायचं ते काका कंपनीच्या पुस्तकात पाहतात, कारण प्रत्येक गाडीचा क्रम वेगळा.

"दाब!"

"दाबलं."

"धर! सोडू नको." इथे काका चाकामागचं, द्रव बाहेर सोडायचं निप्पल पाव आटा ढिलं करतात, नळीतून काळपट द्रव बाटलीत उतरतं, पेडल हळूहळू खाली जातं. निप्पल पुन्हा घट्ट.

"आता सोड!"

क्रम चुकला तर अनर्थ. निप्पल उघडं असताना पाय उचलला की हवा आत ओढली जाते, आणि जी वाफ टाळायला एवढा खटाटोप, तिची सख्खी बहीण पाइपात येऊन बसते. एकदा अगदी धरण्याच्या क्षणी पुण्याहून मुलीचा फोन आला आणि काकींचा पाय उठला. ते चाक पहिल्यापासून करावं लागलं. पुढच्या वेळेपासून काम सुरू होण्याआधी मोबाइल जमा करायचा नियम निघाला. काकींनी तो मान्य केला आणि वर आपला एक नियम लिहवून घेतला: कुकर गॅसवर असताना कोणालाही पेडलवर बसवायचं नाही. लॉगबुकात दोघांच्या सह्या आहेत.

काकींना या कामाचं किती कळतं, याचा काकांना पत्ता नसतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा त्याच ठेवतात. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत रेटलं, तर मास्टर सिलिंडरमधलं सील कधी न गेलेल्या खरबरीत भागावर घासून फाटू शकतं, हे काकांनी एकदाच सांगितलं होतं. टाकीतली पातळी घसरल्याचंही त्याच ओरडून सांगतात. टाकी रिकामी झाली की हवा वरूनच शिरते. काका मात्र लॉगबुकात लिहितात: ‘हेल्पर १’.

नळीतून स्वच्छ पिवळसर द्रव, बुडबुड्यांशिवाय, यायला लागलं की पुढचं चाक. चारही झाली की निप्पलवर टोप्या, कुठे गळतंय का ते पाहणं, चाकांचे नट आवळणं. इंजिन बंद ठेवून पेडल दाबायचं, मग चालू करून दाबायचं. ते टणक लागलं पाहिजे. गुबगुबीत लागलं तर गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, मग कोणाची मुंज असो. जुनं द्रव शीतपेयाच्या बाटलीत कधीच नाही, नात सुटीत आली आणि तिने तोंडाला लावली तर? त्यासाठी वेगळा डबा, त्यावर लाल टॅग, आणि तो गॅरेजवाल्याकडे जमा. गटारात एक थेंब नाही. मग गल्लीत रांगत्या वेगाने चाचणी. कुत्री बाजूला होतात, त्यांना सवय आहे.

इथवर ब्रेककाकांवर बोट ठेवायला जागा नाही. जागा आहे ती कपाटाच्या वरच्या फळीवर. डब्यातलं सगळं द्रव लागत नाही, थोडं उरतं. सील फुटलेला डबा हवेतलं पाणी पीत बसतो, फार ठेवू नये, हे काका जगाला सांगतात. पण पैसे देऊन घेतलेली वस्तू फेकायची? तो डबा ते घट्ट बंद करतात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात, तारीख घालतात आणि वर ठेवतात. शेजारी मागच्या खेपेचा असतो. त्याच्या शेजारी त्याच्याही मागचा.

मध्यंतरी पुतण्याने नवी गाडी आणली. एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे, हिलाही होतं. काकांनी पुस्तक आणून वाचलं. काही गाड्यांमध्ये एबीएसच्या युनिटमधलं जुनं द्रव किंवा हवा काढायला स्कॅनर जोडून आतला पंप चालवावा लागतो. हीसुद्धा तसलीच निघाली. काकांनी पाना खाली ठेवला. "वेळ आली की हिला वर्कशॉपलाच न्यायची. आपल्याकडं साधन नाही." एवढं सरळ वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून पुतण्याच गडबडला.

वेळ आली तेव्हा काका बरोबर गेलेच. काकीही गेल्या, त्यांना वाटेत सुपेल्याला उतरायचं होतं. वर्कशॉपमधल्या पोराने सामान काढलं, तेवढ्यात काकांनी पिशवीतून फळीवरचा डबा काढून पुढे केला. "डॉट-३ आहे, या गाडीला हेच लागते. एकदाच उघडलेलं, बघ, तारीख आहे." पोराने वाद घातला नाही. ओलावा मोजायचं पेनासारखं यंत्र घेतलं आणि टोक डब्यात बुडवलं. लाल दिवा लागला.

काकी दिव्याकडे पाहत म्हणाल्या, "अहो, हे लाल म्हणजे काय असतं हो?"

काकांनी पेन हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि पोराला म्हणाले, "याचं कॅलिब्रेशन कधी केलं होतं?"