मनीप्लँटचा काढा

आमच्या सोसायटीतल्या कडुनिंबाला परवा पाटी लागली. हिरवा पत्रा, पांढरी अक्षरं. 'गुळवेल. शास्त्रीय नाव : टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. उपयोग : ताप, मधुमेह, रोगप्रतिकारशक्ती.' खाली क्यूआर कोड. पाटीत शुद्धलेखनाची एकही चूक नाही, हे आमच्या सोसायटीत प्रथमच घडतंय. फक्त पाटीच्या वर जी वेल चढवली आहे ती मनीप्लँट आहे.

मी सेक्रेटरींना गाठलं. म्हटलं, "साहेब, हा मनीप्लँट आहे."

"पान बदामाच्या आकाराचं आहे ना?"

"आहे."

"वेल आहे ना?"

"आहे."

"मग?"

या 'मग'पुढे माझी चाळीस वर्षांची वाचनसंस्कृती थिटी पडली.

खरी गुळवेल याच झाडावर होती. 2020 पर्यंत तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. वरून सुतळीसारखी मुळं लोंबायची, खोडाची पापुद्र्यासारखी साल सुटायची, उन्हाळ्याच्या तोंडी लालचुटूक फळांचे घोस लागले की बुलबुल भांडायचे. दर वार्षिक सभेत 'झाडावरचं जंगल काढून टाकणे' हा विषय यायचा, कारण त्यावरून साप उतरतो असं ए विंगचं म्हणणं होतं. साप कुणी पाहिला नव्हता. पण ठराव मंजूर व्हायचा आणि माळ्याला सांगायचं राहून जायचं. त्या राहून जाण्यावर ती वेल दहा-बारा वर्षं जगली.

मग मार्च 2020 आला. सगळं बंद झालं आणि निसर्ग बरा होऊ लागला. तसे व्हिडिओच येत होते. नवी मुंबईच्या खाडीत फ्लेमिंगोंचा गुलाबी गालिचा, कुठल्या तरी चौकात मोर. आमची मंडळी गॅलरीत उभी राहून एकमेकांना ओरडून सांगत होती की निसर्ग कसा मोकळा श्वास घेतोय. आणि त्याच गॅलरीखाली निंबाच्या बुंध्याशी रांग लागली होती. सहा-सहा फुटांवर खडूची वर्तुळं, तोंडाला मास्क, हातात कोयता. कोयता प्रत्येक माणसानंतर सॅनिटायझरने पुसला जायचा. कापणारा निर्जंतुक हवा, कापला जाणारा कसाही असो.

आमच्या वेलीची किंमत वाढली ती तिच्या घराण्यामुळे. निंबावर चढलेली गुळवेल सर्वांत गुणकारी, हे त्या आठवड्यात सगळ्यांना एकदम कळलं. मागच्या गल्लीत आंब्यावर एक सुरेख, मनगटाएवढी जाड गुळवेल होती. तिला कुणी स्थळ म्हणूनही विचारलं नाही. आमचीला मात्र नात्यागोत्यातून मागण्या. 'निंबावरचीच आहे ना?' असं लोक फोनवर पत्रिका जुळवल्यासारखं विचारत. काढा प्यायलो मीही. वीस दिवस, सकाळी अनशापोटी. कडू इतका की कोविडने चव गेली असती तर बरं, असं वाटायचं.

आता या वेलीचं एक जुनं नाव आहे, छिन्नरुहा. म्हणजे कापली तरी पुन्हा वाढणारी. जमिनीशी तोडली तरी वरचा तुकडा फांदीला धरून राहतो आणि दोऱ्यासारखी मुळं खाली सोडत सोडत माती गाठतो. जंगलातून वेल आणणारी जाणती माणसं बुंध्याकडचा हातभर भाग राखतात, वरचं जून खोड तेवढं नेतात. पुढच्या खेपेला यायचं असतं ना. आमच्याकडे पुढची खेप ही कल्पनाच नव्हती. सी विंगमधल्या एका निवृत्त अभियंत्यांनी असा सिद्धान्त मांडला की खोडात एवढं सत्त्व तर मुळात केवढं असेल. झालं. पहार आली, फावडं आलं, निंबाच्या मुळ्या उघड्या पडल्या, चार ठिकाणी साल सोलली गेली, आणि शेवटी ते मूळ बाहेर काढून सभासदसंख्येने भागून प्रत्येकाच्या दारात कागदात बांधून ठेवण्यात आलं. भाडेकरूंना वगळून. रामाच्या सैन्यातल्या मेलेल्या वानरांवर अमृत शिंपडलं, त्याचे थेंब सांडले तिथे गुळवेल उगवली, अशी कथा आहे. वानरांसाठी आली आणि वानरांच्याच हातून गेली, एवढी भर मी त्यात घालतो. कापली तरी वाढणाऱ्या वेलीला संपवून दाखवायला माणसाला किती वेळ लागतो? दोन महिने. मेअखेर वेल संपली. पहिली लाट तोवर धड वर चढलीही नव्हती.

गंमत म्हणजे वरुडकडे माझा मावसभाऊ आहे, संत्र्याची बाग आहे त्याची. त्याला त्या दिवसांत पुण्याहून पाच जणांचे फोन गेले, गुळवेल पाठव म्हणून. तो चक्रावला. म्हणाला, "भाऊ, आमाले तं तिले उपटून फेका म्हंतेत, अन् तुमाले ते उकळून पाह्यजे?" त्याचंही खरं. संत्र्यातला रस शोषणारा जो पतंग असतो, त्याच्या अळ्या गुळवेलीवर पोसल्या जातात. म्हणून बागायतदारांना सल्ला असतो की बांधावरची गुळवेल, वासनवेल काढून टाका. म्हणजे विदर्भात ती तण होती म्हणून गेली आणि पुण्यात औषध होती म्हणून गेली. नुसती वेल म्हणून राहायची सोय तिला कुठेच नव्हती.

2021 मध्ये मुंबईत गुळवेल घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध झालं आणि मोठा वाद पेटला. एक बाजू म्हणाली, वेलीचा दोष. दुसरी म्हणाली, ती गुळवेल नव्हेच, तिची तशीच दिसणारी बहीण. वाद वैद्यांचा आणि डॉक्टरांचा, मी त्यात पडत नाही. मला एवढंच कळलं की प्यायल्यानंतर लोक विचारतात, आपण काय प्यायलो? गुळवेलीचं खोड आडवं कापलं तर आत गाडीच्या चाकासारख्या आऱ्या दिसतात. आमच्या रांगेतल्या एकानेही त्या पाहिल्याचं मला आठवत नाही. सगळे वजन पाहत होते.

आणि आता ही पाटी. 'वनौषधी उद्यान' नावाचा उपक्रम, उद्घाटनाला फीत. अहो, गुळवेल लावायला काय लागतं? बोटभर जाडीचा एक तुकडा मातीत खोचायचा. आंब्यावरची ती नाकारलेली मुलगी अजून तिथेच आहे, फुकट मिळेल. पण ती लागायला, चढायला वेळ घेणार आणि उद्घाटन होतं शनिवारी. बी विंगमध्ये बाटलीतला मनीप्लँट तयार होता. पत्र्याला पैसे आहेत, फितीला आहेत, फोटोग्राफरला आहेत. थांबायला कुणी तयार नाही. वर त्या पाटीला चार खिळे! चार! दोन इंची! ज्या झाडाची मुळं आपण पहारीने उकरली, ज्याची साल सोलली, त्याच्याच छातीत खिळे ठोकून आपण त्यावर लिहिणार की वनस्पती आपले प्राण वाचवतात. दोरीने बांधता येत नाही पाटी? सुतळी मिळत नाही पुण्यात? एरवी भिंतीला एक खिळा ठोकायचा तर सोसायटीची लेखी परवानगी लागते. भिंतीला दुखतं!

मी एक मधला मार्ग सुचवला होता. पुण्यात जुन्या वाड्यांवर निळ्या पाट्या असतात, येथे अमुक थोर व्यक्तीचं वास्तव्य होतं अशा. तीच पद्धत ठेवा. 'येथे गुळवेलीचे मे 2020 पर्यंत वास्तव्य होते.' मनीप्लँट राहू दे, भाडेकरू म्हणून. सूचना कमिटीने सकारात्मकपणे ऐकून घेतली, म्हणजे काय होतं ते आपण जाणताच.

काल सकाळी दूध घेऊन येत होतो, तर बी विंगच्या काकू निंबापाशी उभ्या. हातात वाटी, वाटीत पानं.

"काकू, काय करताय?"

"पावसाची कणकण वाटतेय. म्हटलं काढा करावा."

"काकू, टाका ती पानं, मनीप्लँट आहे तो!"

त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाटीवर शास्त्रीय नाव होतं. माझ्याकडे दुधाची पिशवी होती.

"काही नाही हो. एक पान चावून बघितलंय मी मघाशीच."

"मग?"

"जीभ चरचरतेय चांगली," काकू समाधानाने म्हणाल्या, "अस्सल आहे."